ओपन स्पेसवरचा रात्रीचा अड्डा: पोलिसांकडे काय मागायचं, आपण काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, नव्या प्लॉटिंगच्या कॉलनीत राहणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलंय. कॉलनीच्या ओपन स्पेसवर रोज रात्री दहा-बारा पोरं जमतात. दारू, शिवीगाळ, सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचा फटफटाट, क्लासहून परतणाऱ्या मुलींवर शेरे. ११२ ला फोन केला की गाडी येते, पोरं पांगतात, गाडी गेली की पुन्हा हजर. ठाण्यात गेलं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात देतात. कॉलनीतली काही मंडळी म्हणतात, एकदा सगळ्यांनी मिळून चोप देऊ. त्यांचा इंग्लंडमधला भाचा सांगतो की तिकडे ठरावीक तक्रारी झाल्या की यंत्रणांना एकत्र बसून उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडे तसं काही आहे का?

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीचा बराच काळ जळगाव-धुळ्याकडच्या तालुक्याच्या ठाण्यांत गेला, त्यामुळे ही तक्रार मी टेबलाच्या अलीकडे बसून पुष्कळ वेळा ऐकली आहे. उत्तर लांबेल, पण आधी त्या चोपाचं बोलू, कारण ते आजच थांबवायला हवं.

आपल्याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढंच कारण. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मारणाऱ्यांतले बरेच जण सकाळी बाजाराला निघाले तेव्हा खुनाचा विचार घेऊन निघाले नव्हते. तुमच्या कॉलनीतले लोक तसं काही करणार नाहीत, हे मला कळतं. पण अंधारात वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन निघाली की पहिला फटका कोण मारणार आणि शेवटचा कोण, हे कुणाच्याच हातात राहत नाही. त्यातून कुणाचं डोकं फुटलं तर दुसऱ्या दिवशी फिर्यादी ती पोरं आणि आरोपी तुमचे निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब. बेकायदा जमाव, दंगा, मारहाण अशी कलमं लागतात आणि तारखा वर्षानुवर्षं चालतात. सामान्य नागरिकाला एखाद्याला धरून पोलिसांच्या ताब्यात द्यायचा अधिकार आहे, पण तो डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता, किंवा फरारी घोषित केलेल्या गुन्हेगारापुरता. नवीन कायद्याप्रमाणे धरल्यापासून सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावं लागतं. कट्ट्यावर बसून दारू पिणारं पोरगं त्यात येत नाही.

आता ११२. राज्यात ही यंत्रणा २०२१ पासून चालू आहे आणि गाडी बऱ्यापैकी वेळेत येते, हे तुमच्या अनुभवातूनही दिसतंच. अडचण पुढे आहे. गाडीवरच्या दोघांना तुमचा फोन हा एक 'कॉल' म्हणून मिळतो. ते येतात, पोरांना हुसकावतात, 'जागेवर शांतता' असा शेरा मारून कॉल बंद करतात आणि पुढच्या कॉलला निघतात. उद्या दुसरे दोघे असतील. तुम्ही सहा महिन्यांचा त्रास सोसलाय आणि त्यांना फक्त आजची रात्र दिसते. सहा महिन्यांची बेरीज त्या गाडीत कुणी करत नाही. ही बेरीज करून ठाण्याच्या टेबलावर ठेवणं, हे तुमचं पहिलं काम.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण कॉलनीवाल्यांच्या अर्जात हा घोळ हमखास असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकतो. रात्री दहाच्या आधी घरात थांबवत नाही. लहानथोर सगळे बाहेर असतात, तशी पोरंही असतात. नुसतं बसणं, हसणं, मोबाईलवर गाणी लावणं याला मी उपद्रव म्हणणार नाही आणि ठाण्यातला कुठलाही जाणता अधिकारी म्हणणार नाही. तुमच्या अर्जात 'मुलं विनाकारण बसतात' असं वाक्य असलं तर ते आधी काढा. त्या एका वाक्यानं बाकीच्या खऱ्या तक्रारी हलक्या होतात.

मुद्द्याचं सांगतो. अशा प्रकरणात लोक पोरांच्या मागे लागतात आणि मी जागेच्या मागे लागायचो. पोरं बदलतात. आजची दोन वर्षांनी पुण्याला कंपनीत लागतील, त्यांची धाकटी भावंडं त्याच भिंतीवर येऊन बसतील. जागा तशीच राहिली तर अड्डाही राहतो. म्हणून त्या ओपन स्पेसवर एकदा सकाळी सातला जा, झाडूवाली यायच्या आत. दोघीतिघी मिळून जा. काय पडलंय ते नीट बघा. क्वार्टरच्या बाटल्या आहेत की देशीच्या नव्वद मिलीच्या? एकाच दुकानातून आल्यासारख्या दिसतात का? प्लास्टिकचे ग्लास नवे कोरे, एकसारखे आहेत का? उकडलेल्या अंड्यांची टरफलं आहेत का? टरफलं आणि एकसारखे ग्लास सापडले तर समजा की शंभर-दीडशे पावलांवरची अंडाभुर्जीची गाडी या अड्ड्याला पोसते आहे. मग अर्ज पोरांइतकाच त्या गाडीबद्दलही करायचा. परवाना नसताना आपल्या जागेत लोकांना दारू प्यायला बसू देणं हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खालचा गुन्हा आहे, आणि तिथे पिताना सापडणाऱ्याला कलम ८४ लागतं. गाडीवाल्याला एकदा ठाण्यात बोलावलं की तो ग्लास, पाणी आणि चखणा देणं बंद करतो. निम्मा अड्डा तिथेच मोडतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गाडीवाल्याचं पोट त्या गाडीवर असतं, तो पोरांसाठी धोका पत्करत नाही.

मग पुढचं बघा. पथदिवा आहे का, असला तर लागतो का? वेडी बाभूळ किती वाढलीय? बसायला सोयीची भिंत, अर्धवट बांधकाम, पाईप टाकून ठेवलेला नाला असं काय आहे? यातली प्रत्येक गोष्ट नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडे अर्ज करून हलवता येते. इथे एक नेहमीची अडचण येते. लेआउटमधली ओपन स्पेस कागदोपत्री अजून बिल्डरच्या नावावर असते, आणि पालिका हात झटकते, 'ताब्यात आलेली नाही'. म्हणून अर्ज करण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून घ्या. मालक कुणीही असो, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ते सीआरपीसीचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. पडक्या बांधकामाचा मालक सुरतेला किंवा पुण्याला राहतो, फोन उचलत नाही, अशा वेळी या कलमाचा उपयोग होतो. तहसीलदार किंवा प्रांतांकडे अर्ज द्यायचा. वकील लागतोच असं नाही.

एक सूचना तुमच्याच कॉलनीतून येईल म्हणून आधीच सांगतो: 'तिथे एक छोटं मंदिर बांधून टाकू, पोरं आपोआप हटतील.' ही युक्ती मी खूप ठिकाणी पाहिली आहे. करू नका. सार्वजनिक जागेवर नवीन विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलेलं आहे. आज पोरांसाठी बांधलेलं उद्या कॉलनीत दोन तट पाडतं, आणि तो बंदोबस्त अड्ड्यापेक्षा कितीतरी महाग असतो. त्याऐवजी व्हॉलीबॉलचं नेट लावा, बायकांची संध्याकाळची फेरी तिथून न्या. पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं तुमच्या रस्त्यावर पळत असतील. खानदेशात कुठल्या गावात पळत नाहीत? त्यांना त्याच मैदानावर लांब उडीचा खड्डा करून द्या. बऱ्याचदा रात्रीच्या अड्ड्यातलीच दोन-तीन पोरं पहाटेच्या पळण्यात असतात. त्यांच्याशी बोलणं सगळ्यात सोपं, कारण त्यांना चारित्र्य पडताळणीचा अर्थ न सांगता कळतो. फक्त ती गोष्ट धमकी म्हणून वापरू नका.

आता तक्रारीचा कागद. एक शंभर पानी वही करा आणि दोन घरांकडे लिहिण्याची जबाबदारी द्या. नोंद अशी हवी:

'मंगळवार. रात्री ९.५० ते ११.२०. ओपन स्पेसच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ आठ-नऊ जण. तीन मोटारसायकली, पैकी एकीचा पूर्ण नंबर टिपला आहे. ९.५५ ला क्लासहून येणाऱ्या दोन मुलींना उद्देशून शेरा मारला, शब्द सोबत लिहिले आहेत. १०.१० ला ११२ ला फोन. १०.३५ ला गाडी आली. १०.५५ ला त्यांतले पाच जण परत.'

बस, एवढंच. 'नेहमी', 'सतत', 'जगणं मुश्कील झालंय' हे शब्द ठाण्यात रोज येतात, त्यांनी कुणी हलत नाही. वार, वेळ आणि जागा लिहिली की बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाला, गस्त कधी लावायची ते कळतं. तीन-चार आठवड्यांच्या नोंदींवरून तुम्हालाच दिसेल की त्रास रोजचा नाही. बहुधा शनिवार, बाजाराचा दिवस, पगाराचा आठवडा असं काहीतरी निघतं. मग 'रोज या' असं म्हणण्याऐवजी 'या दोन रात्री या वेळेत या' असं मागता येतं, आणि अपुऱ्या मनुष्यबळाच्या ठाण्याला ते झेपतं.

शब्द लिहायला संकोच वाटतो, पण लिहा. 'अश्लील बोलले' यावर गुन्हा टिकत नाही. काय बोलले ते लागतं. एक मात्र पाळा: 'अमुक वस्तीतली पोरं', 'तमुक समाजाची पोरं' असं वहीत किंवा अर्जात नको. अड्ड्यात तुमच्याच कॉलनीतल्या दोन घरांची पोरं असतात, तरी कागदावर नाव भिलाटीचं किंवा मोहल्ल्याचं येतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की अर्जात वस्तीचं नाव दिसलं की मी तो बाजूला ठेवून आधी जागा बघायला जायचो. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का अजून पुसलेला नाही, आणि राईनपाड्यात मेलेले लोकही भटकेच होते.

वहीच्या आधारे सामूहिक अर्ज करा. पोलीस निरीक्षकांच्या नावे, प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो त्यांना. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. सह्या वीस असल्या तरी पुरे, पण त्या माणसांनी विचारल्यावर 'मी सही केली' म्हणायला हवं. पन्नास सह्या आणि जबाबाला दोन माणसं, यातून काही होत नाही.

एनसीबद्दल. शिवीगाळ, बाचाबाची, आरडाओरडा यातलं बरंचसं अदखलपात्र आहे, म्हणून ठाणे अंमलदार एनसी लिहितो. यात तो दरवेळी टाळतो असं नाही. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्याचा तपास त्याला करताच येत नाही. नवीन संहितेत अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. एनसीची पावती फाडून टाकू नका. पुढच्या प्रतिबंधक कारवाईला तीच पावती पायाचा दगड होते.

पण मुलींवरचे शेरे एनसीत बसत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं बोलणं, हावभाव करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ चा दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पाठलाग केला तर कलम ७८. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची आहे. ठाण्यानं नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, तरीही नाही झालं तर दंडाधिकारी. कायदा इथे मजबूत आहे. अडतं ते घरात. 'मुलीचं नाव कशाला', 'क्लास बंद करू' हे आधी येतं. मी आयांना एवढंच सांगायचो की क्लास बंद झाला तर शिक्षा तुमच्या पोरीला झाली. ज्या घराची तयारी नाही त्याच्यावर जोर करू नका, पण तुमच्या शाळेत पोलिसांच्या दामिनी किंवा निर्भया पथकाला बोलावून मुलींशी थेट बोलू द्या. मुली त्यांना जे सांगतात ते घरी सांगत नाहीत.

'धरून नेलं आणि तासाभरात सोडलं' ही तक्रारही येईल. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, न्याय संहितेचं कलम ३५५: चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. सार्वजनिक उपद्रव, कलम २९२: हजार रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्र पोलीस कायद्याची ११०, ११२, ११७ ही कलमंही याच वजनाची. असल्या गुन्ह्यात माणूस सोडावाच लागतो, त्यात साटंलोटं शोधू नका. समाजसेवेची शिक्षा आपल्याकडे २०२४ च्या जुलैत नव्यानं आली. ओपन स्पेस झाडायला लावलं तर मला आवडेल, पण ते कोर्टाच्या हातात.

खरी पकड येते ती प्रतिबंधक कारवाईनं. पहिली पायरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस, जुन्या लोकांच्या तोंडी अजून '१४९ ची नोटीस'. ती घरी जाते आणि घरात वाचली जाते. पुढची पायरी चाप्टर केस, म्हणजे नीट वागण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई: शांतता राखण्यासाठी कलम १२६, सराईतासाठी १२९. इथे खानदेशचं एक वेगळेपण आहे. नाशिक-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय असल्यानं हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आयुक्तालय नाही, त्यामुळे ठाण्यानं प्रस्ताव करायचा आणि तहसीलदार किंवा प्रांतांनी चालवायचा. ठाणं म्हणतं 'आम्ही पाठवलं', तहसील म्हणतं 'तारीख दिली आहे', मधे महिने जातात. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर ती आपोआप गळून पडते. म्हणून तुमच्या अर्जाचा पाठपुरावा दोन ठिकाणी हवा. प्रस्तावाचा जावक क्रमांक ठाण्यातून घ्या आणि तो घेऊन तहसीलला जा.

या कारवाईचा परिणाम कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. तारखेला तहसीलच्या व्हरांड्यात उभं राहावं लागतं, त्या दिवशीची मजुरी बुडते, जामीनदार म्हणून बाप नाहीतर काका सातबारा घेऊन येतो. बापाला सातबारा घेऊन यावं लागणं ही गोष्ट पोराला दंडापेक्षा लागते. बाँड लिहून दिल्यावर त्याच मुदतीत पुन्हा उद्योग केला तर बाँडची रक्कम जाते, तुरुंगही होऊ शकतो.

हद्दपारी म्हणजे तडीपारी, दोन वर्षांपर्यंत, आणि एमपीडीए या राज्याच्या प्रतिबंधक कायद्याखालची स्थानबद्धता, एक वर्षापर्यंत, ही हत्यारं हातभट्टीवाले, खंडणीखोर, टोळीवाले यांच्यासाठी आहेत. कट्ट्यावरच्या टवाळखोरांना तडीपार करा असा मोर्चा काढू नका. कच्चं प्रकरण वर टिकत नाही, आणि सुटून आलेलं पोरगं गल्लीत हिरो होतं.

अड्ड्यात अठराच्या आतले किती, हे वहीत अंदाजानं लिहा. त्यांच्याशी वागण्याची रीत वेगळी आहे. किरकोळ प्रकारात त्यांच्यावर एफआयआर होत नाही. बालकल्याण पोलीस अधिकारी डायरीत नोंद घेतो, घरच्या परिस्थितीचा अहवाल करतो. त्यांचे फोटो-व्हिडिओ कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बालकाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर लागेल. व्हिडिओ पोलिसांना द्या, मूळ फोन जपून ठेवा.

आणि पालक. इथे मी जरा थांबतो, कारण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. पालकांना एकेकट्याला बोलावलं की प्रत्येक जण हेच सांगतो: 'आप्पा, आमना पोऱ्या तसा नई शे. तो दुसराना नादे लागना.' दुसऱ्याचा बापही तेच म्हणतो. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवायचं. रविवार सकाळ बरी, शेतावर जाणारेही येतात. ठाण्यात नको, शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात. बीट अंमलदार गणवेशात, पण कोपऱ्यात. नगरसेवकाला बोलवा, पण भाषण करू देऊ नका. वहीतल्या तारखा वाचायच्या, नावं न घेता: 'या रात्री सव्वाअकरा वाजता नऊ जण होते.' खोलीतले नऊ बाप मनातल्या मनात मोजतात. मग एकच माहिती द्यायची. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. त्यानंतर खोलीत शांतता असते. त्याच संध्याकाळी दोन-तीन गाड्यांच्या किल्ल्या घरातल्या खिळ्याला लागतात. सायलेन्सरचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो. उरलेल्यांसाठी वाहतूक शाखेची एक नाकाबंदी मागा.

तुम्ही गावात राहत असता तर पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीचं नाव घेतलं असतं. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. अध्यक्ष शहाणा असेल तिथे समिती अजून काम करते, नसेल तिथे फक्त फलक उरलाय. मुलींच्या छेडछाडीचं प्रकरण मात्र अशा समितीपुढे मिटवायला देऊ नये, तिथे 'माफी मागितली, विषय संपला' होतं. दारूचं परवानाधारक दुकानच मुळाशी असेल तर २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवर मतदान घेता येतं. आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करण्याची बाजू, जिंकायला यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. इथे पुष्कळ गावं घसरली. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पत्त्यांच्या डावाला सगळे परंपरा म्हणतात, पण चार दिवसांचा तो फड महिनाभर उठत नाही तेव्हा त्यावरही लिहा.

शांतता समितीविषयी माझं मत फारसं बरं नाही. सण आला की बैठक, चहा, आवाहन. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्याच्या मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून झालेल्या बाचाबाचीतून दंगल पेटली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. संध्याकाळच्या बाजारातली ही रोजची खटकाखटकी कुठल्याच सणाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसते. याउलट १९८८ पासून सुरेश खोपडे यांनी भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या केल्या, त्यांत पुढारी बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं आणि बीटचा हवालदार एकत्र बसवले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. तुमच्या कॉलनीला त्याचा छोटा नमुना पुरेल: चार घरं, एक बीट अंमलदार, पंधरा दिवसांनी एकदा वीस मिनिटं, समोर वही.

तुमचा भाचा म्हणतो ते बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्यानं असभ्य वर्तनाविरुद्ध न्यायालयीन मनाई आदेश आणले. ते मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. काही पोरं तो आदेश पदकासारखा मिरवायला लागली अशी टीका झाली, आणि २०१४ च्या कायद्यानं ते गुंडाळलं. त्याच २०१४ च्या कायद्यात तक्रारदाराला फेरआढावा मागायचा हक्क आला. साधारणपणे सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या की तिथली पालिका, पोलीस आणि इतर यंत्रणांना एकत्र बसून आपण काय केलं ते सांगावं लागतं. मला त्यातलं मोजणं आवडतं, कारण आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

आपल्याकडे एका कायद्यात असं नाही, पण तुकडे जोडता येतात. तीन अर्ज, तिन्हींची पोच. महिनाभरात हालचाल नाही तर माहिती अधिकारात विचारा: 'माझ्या या तारखेच्या अर्जावर काय कारवाई केली, डायरी नोंदीची प्रत द्या.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर लिहिण्यासाठी कुणाला तरी तुमची फाईल उघडावी लागते. पोलीस आणि पालिका एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे दोन्ही खात्यांचे अधिकारी एका खोलीत असतात. मात्र आधी खालच्या पायरीवर अर्ज केल्याचा पुरावा लागतो, म्हणून पुन्हा ती पोच.

एवढं सगळं केल्यावर दोन-तीन महिन्यांत तुमच्या ओपन स्पेसवरून अड्डा हलेल. बहुधा तो शेजारच्या कॉलनीच्या नाल्याकडे जाईल. त्या कॉलनीच्या सेक्रेटरीला तुमच्या वहीची झेरॉक्स द्या आणि पुढच्या अर्जात दोन्ही जागा एकत्र लिहा, म्हणजे ठाण्यात दोन फायली न होता एकच राहील.